दिंडीत बघ्या नसतो: आमच्या बोन्साय मंडळाच्या नोंदी



अंजीर-सीताफळाच्या नोंदी बाजूला ठेवून आज कुंडीतल्या झाडांवर लिहितोय. डेअरीवर, लग्नात, बाजारात कोणी ना कोणी गाठून विचारतं, "तुमचं ते बोन्सायचं मंडळ अजून चालू आहे का?" जोर सगळा 'अजून'वर. विचारणाऱ्याचंही चुकत नाही. आपल्याकडे मंडळं आणि गट निघतात मोप, टिकतात थोडे. फलक लागतो, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि दुसऱ्या वर्षी फलकामागं चिमण्या घर करतात.

आमचं मंडळ 2016 च्या पावसाळ्यात सात जणांनी सुरू केलं. आज सासवडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची 34 घरं त्यात आहेत. बहुतेक शेतकरी. शिवाय दोन शिक्षक, एक रोपवाटिकावाला, एक गवंडी, बचत गटातल्या सहा-सात बाया आणि कॉलेजची चार पोरं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते बारा बसतो. पेरणी असो, लग्नसराई असो, वीस-बावीस माणसं येतातच. हे कशामुळं टिकलं ते नीट लिहून ठेवावं, कोणाला उपयोगी पडलं तर पडलं.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण शेतकऱ्याची पहिली हरकत तीच असते. "झाडाला उपाशी ठेवून खुजं करता, पाप आहे हे." उपाशी ठेवलेलं झाड बुटकं राहत नाही, ते मरतं. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ उथळ भांड्यात लावलेलं झाड, एवढाच. मराठीत आपण वामनवृक्ष म्हणतो. त्याला खत लागतं, ऊन लागतं आणि पाणी तर शेतातल्या झाडापेक्षा वेळेवर लागतं. आकार लहान राहतो तो छाटणीनं. शेंडा खुडला की शेंड्याचा जोर मोडतो आणि खालचे डोळे फुटतात. दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून बाहेरच्या मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटला की कुंडीत नव्या पांढऱ्या मुळांना जागा होते. सीताफळाची छाटणी करणाऱ्याला, द्राक्षाची खरड छाटणी बघितलेल्याला यात नवं काहीच नाही. आणखी एक गंमत. वारंवार छाटणीनं पान लहान होतं, पण फळ पानासारखं लहान होत नाही. फूटभर उंचीच्या डाळिंबाला फळ लागलं तर ते डाळिंबाएवढंच होतं. फांदी पेलेल एवढंच ठेवायचं, बाकीचं काढायचं. विरळणी म्हणतो आपण तिला.

आता मंडळाबद्दल.

आमच्या भागातून माउलींची पालखी जाते, त्यामुळं दिंडी आम्ही लहानपणापासून बघतोय. दिंडीत विणेकरी असतो, पखवाजवाला असतो, चोपदार असतो, तुळस डोक्यावर घेतलेली बाई असते, टाळकरी असतात. ज्याला काहीच येत नाही त्याच्याही हातात टाळ असतो. बघणारे रस्त्याच्या कडेला उभे असतात आणि पालखी पुढं गेली की घरी जातात. मंडळाचंही तेच. सभासद बघ्या झाला की तो चार महिन्यांत गळतो. मग तुम्ही कितीही मोठा वक्ता आणा.

म्हणून आमचा पहिला नियम: रिकाम्या हातानं यायचं नाही. आपलं झाड घेऊन यायचं. मोठं आणता येत नसेल तर लहान आणा, आजारी असेल तर तेच आधी आणा. सुरुवातीला वीस मिनिटं एकजण काहीतरी करून दाखवतो. त्यापुढं भाषण बंद. मग अडीच तास प्रत्येकजण आपापल्या झाडावर काम करतो. नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसतो. तार कशी गुंडाळायची, कोणत्या डोळ्यावर काप घ्यायचा, हे असं शेजारी बसून जेवढं कळतं तेवढं पडद्यावर चित्रं दाखवून कळत नाही. ॲल्युमिनियमची मऊ तार वापरतो. कुंपणाची बांधणीची तार कोणी आणली तर परत पाठवतो, ती कडकही असते आणि गंजतेही. पावसाळ्यात वडवर्गीय झाडं झपाट्यानं जाड होतात, तार सालीत रुतते. म्हणून त्या दिवसांत दर तीन आठवड्यांनी तार बघायची आणि काढताना उलगडायची नाही, तुकडे करून काढायची.

दुसरा नियम बचत गटाच्या बायांनी आणला. पहिलं वर्ष आमचा कारभार तोंडी होता. त्या आल्या आणि त्यांनी विचारलं, "वही कुठंय?" बचत गटात हजेरीची वही, जमा-खर्चाची वही, गैरहजेरीचा दंड सगळं असतं. आम्ही तेच उचललं. वर्गणी महिना 50 रुपये, न कळवता गैरहजर राहिलं तर 10 रुपये. दंडाच्या पैशातून चहा. आणि प्रत्येक झाडाची एक वही. झाड कुठून आलं, कधी लावलं, मुळं कधी छाटली, खत काय दिलं, तार कधी चढवली, कधी उतरवली. शंभर पानी साध्या वहीत एक झाड दहा-पंधरा वर्षं मावतं. या वहीचा पुढं किती उपयोग झाला ते खाली येईलच.

तिसरा नियम: पहिलं झाड फुकट, पण परतफेडीचं. जुन्या काळी बियाणं उसनं घेतलं की दिडीनं परत करायचे. आमच्याकडं दुपटीनं. नवीन सभासदाला जेड किंवा नांद्रुकाची मुळं धरलेली एक फांदी मिळते. दोन वर्षांत त्यानं स्वतः तयार केलेल्या दोन फांद्या मंडळाला द्यायच्या, त्या पुढच्या नव्या माणसांना जातात. ही दोन झाडं सुरुवातीला बरी. जेड पाण्याचा ताण सोसतं. नांद्रुकाचं पान लहान, साल लवकर भरते, पारंब्या सुटतात आणि मुळांची छाटणी सहन होते. पिंपळ सगळ्यांना हवा असतो, पण त्याची पेरं लांब आणि पान मोठं. तो शिकलेल्या हाताकडं द्यावा.

चौथा नियम: ज्याला जे येतं ते त्यानं शिकवायचं. इथं मला आमच्या एका अण्णांचं सांगितलं पाहिजे. अंजिराची गुटी कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या शिवारात नाही. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची कलमं लोक घेऊन जातात. अण्णा मंडळाची चेष्टा करायचे. "कुंडीत वड लावून सावली कोणाला, मुंग्यांना?" त्यांना आम्ही बोन्साय शिकायला बोलावलंच नाही. गुटी शिकवायला बोलावलं. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर ते आले. मनगटाएवढ्या फांदीवर दीड इंचाची साल गोल काढली, आतला बुळबुळीत थर चाकूनं खरवडून घेतला, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकनं आवळून बांधलं. दीड-दोन महिन्यांत मुळं. रोपापासून मनगटाएवढं खोड करायला किती वर्षं गेली असती! आमचे डोळेच उघडले. आणि अण्णांना दिसलं की आपली विद्या इथं दुसऱ्याच कामाला लागते. पुढच्या रविवारी ते नांद्रुकाची एक फांदी पिशवीत घालून घेऊन आले. शिकायला म्हणून ते कधीच आले नसते.

तसंच गवंड्याचं. कुंडीतलं मिश्रण आज तो ठरवतो. काळी माती अजिबात नाही, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. विटांचा चुरा दोन घमेली, बारीक खडी एक, मुरलेलं शेणखत एक. चुरा ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठेवायचा, खालचा भुगा फेकायचा. भुग्यानंच कुंडीचा निचरा बंद होतो. हे त्यानं प्लास्टरची वाळू चाळणाऱ्या हातानं दाखवलं, तेव्हा लगेच पटलं.

पाचवा नियम कडक आहे. डोंगरातून, वनातून झाड उपटून आणायचं नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय डोंगरात शंभर वर्षं जगलेलं झाड आपल्या अंगणात सहा महिन्यांत मेलं तर तो तोटा कोणाच्या वहीत लिहायचा? आम्हाला झाडं मिळतात ती विहिरीच्या कठड्यावरून, पडक्या वाड्यांच्या भिंतींतून, पाण्याच्या टाक्यांवरून. तिथं उगवलेले वड-पिंपळ-उंबर मालक तोडणारच असतो, कारण मुळांनी बांधकाम फुटतं. मालकाला विचारून, पावसाळ्यात, भेगेतून हलक्या हातानं सोडवून आणतो. फार मुळं येत नाहीत, पण ही जात चिवट असते. पानं कमी करून सावलीत ठेवली की बरीचशी जगतात.

मंडळाचा कारभारी दर सहा महिन्यांनी बदलतो. एकाच्याच खांद्यावर सगळं असलं की तो थकला त्या दिवशी मंडळही बसतं. हे आम्ही आजूबाजूला बघितलेलं आहे.

जपानमध्ये ओमिया नावाचं बोन्सायचं गाव आहे, टोकियोच्या उत्तरेला. 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले मोकळी जागा आणि चांगलं पाणी-माती शोधत तिकडं गेले आणि 1925 मध्ये ते गाव वसलं. त्यांनी गावात राहण्याचे नियम केले होते. घरी किमान 10 बोन्साय हवेत. बाग येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडी हवी. दुमजली घर बांधायचं नाही, म्हणजे शेजाऱ्याच्या झाडावर सावली पडणार नाही. कुंपण घालायचं तर झाडांचं. मला हे नियम वाचून आपला बांध आठवला. शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडते म्हणून बांधावरच्या झाडावरून आपल्याकडं कोर्टकचेऱ्या होतात. तिथं भूकंपातून उठून आलेल्या माणसांनी सावलीचा निकाल आधीच लावून ठेवला. मंडळ टिकवायचं तर असंच, भांडण होण्याआधी नियम हवा.

पण नियम सुखाच्या दिवसांत सगळ्यांनाच जमतात. आमची परीक्षा दुष्काळानं घेतली.

2023 चा पाऊस दगा देऊन गेला. 31 ऑक्टोबरला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर होता. 2024 चा उन्हाळा लागला तसे टँकर सुरू झाले. मार्चच्या बैठकीला चौदाच माणसं. झाडं आणली होती, पण कोणाचं कामात लक्ष नव्हतं. शेवटी बचत गटातल्या एका वहिनींनी तोंड फोडलं. "टँकर आला की आम्ही हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतो. आणि संध्याकाळी मी शोभेच्या झाडाला पाणी घालते ते शेजारीण बघते. मला नाही पटत. माझी झाडं कोणाला तरी द्या, नाहीतर मरू द्या."

कोणी बोलेना. कारण जे सगळ्यांच्या मनात होतं तेच त्या बोलल्या होत्या. माणसाला, जनावराला पाणी नाही तिथं छंदाला पाणी कशाचं? अंजिराच्या बागा टँकरनं जगवणारी माणसं त्या बैठकीत होती. एकजण म्हणाला, मंडळ वर्षभर बंद ठेवू. मलाही ते तेव्हा बरोबर वाटत होतं.

आमचे निवृत्त गुरुजी तेवढे वही काढून हिशेब करत बसले होते. मंडळाची एकूण झाडं साधारण 200. उन्हाळ्यात एका कुंडीला सरासरी पाऊण लिटर धरलं तर दिवसाला 150 लिटर. "हे 34 घरांत वेगवेगळं जातंय," ते म्हणाले, "एकत्र आणलं तर निम्म्यात भागेल. आणि प्यायच्या पाण्याला हात लावायचा नाही. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी मोरीत जातं ना? ते."

रोपवाटिकावाल्याचं एक शेड त्या वर्षी रिकामंच होतं. 50 टक्क्यांची शेडनेट होती. सगळी झाडं तिथं आणली. कुंड्या एकमेकींना चिकटून, वाळूच्या वाफ्यात अर्ध्या रोवून ठेवल्या, वर भिजवलेली गोणपाटं. वड-नांद्रुकाची निम्मी पानं कात्रीनं कापली, देठ ठेवून. डाळिंबवाल्यांना पानगळ माहीतच आहे, फक्त इथं औषध नाही. पान कमी म्हणजे पाण्याचं उडणं कमी. खत बंद, तार बंद, कापणी बंद. पाण्याचा खर्च 80 लिटरवर आला. प्रत्येक घरानं एक दिवसाआड 5 लिटरचा कॅन द्यायचा: 34 घरांचे दिवसाला 85 लिटर. साबणाचं आणि मिठाचं पाणी चालणार नाही, हे दारोदारी सांगितलं. सकाळी डेअरीला दूध घालायला येणाऱ्यांच्या गाडीवर कॅन यायचे आणि रिकामे परत जायचे. रोज दोन माणसांची पाळी. मातीत बोट घालून बघायचं, पेरभर खाली ओल असेल तर पाणी नाही.

त्या वहिनींनी सगळ्यात जास्त पाळ्या केल्या. मोरीतलं पाणी होतं, आता शेजारणीला सांगायला लाज नव्हती. पुढं शेजारीणही कॅन द्यायला लागली.

जूनमध्ये पाऊस झाला तेव्हा 11 झाडं गेलेली होती. बाकीची फुटली. आणि एक गोष्ट कोणी न ठरवता झाली. तीन महिने आपण दुसऱ्यांच्याच झाडांना पाणी घातलं होतं. कोणाच्या चिंचेला कुठं पिठ्या ढेकूण येतो, कोणाचा उंबर दुपारी माना टाकतो, हे घरच्या जनावरासारखं कळायला लागलं होतं. आधी बैठकीत प्रत्येकजण आपल्या कुंडीत मान घालून बसायचा. आता उठून दुसऱ्याच्या झाडाकडं जातो. "याची डावी फांदी सुटली का?" म्हणून विचारतो. मंडळ आम्ही आठ वर्षं चालवत होतो, पण ते एकमेकांत मुरलं त्या उन्हाळ्यात.

त्याच वर्षी डिसेंबरात गुरुजी गेले. दुखणं जुनं होतं. दहाव्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. म्हणाला, "बाबांची झाडं तुम्ही घेऊन जा काका, मला त्यातलं काही कळत नाही." 19 झाडं होती आणि 19 वह्या. सगळ्यात जुना वड मंडळ निघायच्या कितीतरी आधीचा. त्याचं पहिलं पान शाळेच्या विहिरीपासून सुरू होतं.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइन बोन्साय आहे. 1625 पासून कुंडीत वाढवलेला. हिरोशिमातल्या यामाकी घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या होता. 1945 मध्ये तिथं अणुबॉम्ब पडला तेव्हा तो जाड भिंतीआड होता म्हणून वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. ज्या देशानं बॉम्ब टाकला त्याच देशाला. 2001 मध्ये त्यांची नातवंडं झाड बघायला गेली, तेव्हा कुठं तिथल्या लोकांना हा हिरोशिमाचा इतिहास कळला. हे इथं सांगायचं कारण एवढंच, की झाड मालकापेक्षा जास्त जगतं आणि एका माणसाचा छंद त्याला पुरत नाही. त्याला घराणं लागतं, नाहीतर मंडळ लागतं.

गुरुजींची झाडं कोणाला द्यायची यावर चिठ्ठ्या टाकू असं कोणी सुचवलं. गरज पडली नाही. उन्हाळ्याच्या पाळ्यांच्या नोंदी काढल्या. ज्यानं ज्या झाडाला जास्त दिवस पाणी घातलं होतं, झाड त्याच्याकडं गेलं. जुना वड वहिनींकडं. मार्चमध्ये "मरू द्या" म्हणालेल्या त्याच. वहीत त्यांनी गुरुजींच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख टाकून लिहिलं, "झाड मिळालं. पानं निरोगी. पाणी घातलं." एक लहान नांद्रुक आम्ही मुलाला दिला, नको म्हणत होता तरी. महिन्याभरानं त्याचा फोन आला, "काका, पानं पिवळी पडतायत, काय करू?" म्हटलं, पाणी जास्त होतंय, बोट घालून बघ आणि तिसऱ्या रविवारी घेऊन ये.

आता रोखठोक. यातून पैसा किती? फार नाही. दोन-तीन जण झाडं विकतात, पण बोन्सायवर शेतीचं कर्ज फिटेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. विकण्याजोगं झाड व्हायला आठ-दहा वर्षं जातात. फायदा आहे तो डोळ्याचा आणि हाताचा. कुंडीत मुळं उघडी बघून बघून निचरा म्हणजे काय हे कळतं. कोणत्या डोळ्यावर कापलं की फूट कुठं जाते हे रोज दिसतं. आमची कॉलेजची पोरं आता सीताफळाच्या छाटणीला मजुरांबरोबर उभी राहून बोलू शकतात.

कोणाला आपल्या गावात सुरू करायचं असेल तर सात माणसं पुरे. हॉल नको, चिंचेची सावली चालेल. वही पहिल्या दिवसापासून ठेवा. पावसाळ्यात सुरुवात करा, म्हणजे पहिल्याच फांद्या मुळं धरतील आणि माणसाला धीर येईल. प्रदर्शन पहिली दोन वर्षं भरवू नका, नाहीतर लोक दाखवण्यासाठी येतील, शिकायला येणार नाहीत. नंतर भरवलं तर प्रत्येकानं आपल्या झाडाशेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्याला त्याच्या वहीतलं वाचून दाखवायचं. आम्ही जत्रेत भरवतो, बक्षीस ठेवत नाही.

येत्या तिसऱ्या रविवारी वडवर्गीय झाडांची मुळं छाटायची आहेत. विटांचा चुरा चाळून तयार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी या, फक्त हातात काहीतरी घेऊन या. झाड नसेल तर घरचं मुरलेलं शेणखत चालेल.